हाड ओले असते

मराठी घरात हाडांचा पहिला धडा तेलाने दिला जातो. बाळाला अंघोळ घालायच्या आधी आजी वाटीतल्या कोमट तेलात बोटे बुडवते आणि कपाळाच्या वर, डोक्याच्या मध्यावर ती हलकेच टेकवते. तिथे हाड नसते. बोटांना मऊ कातडे लागते आणि त्याखाली नाडीची थडथड. ‘टाळू अजून भरायची आहे,’ असे म्हणत ती तेल जिरवते आणि आल्यागेल्याला बजावते, डोक्याला हात जपून लावा. मूल वर्ष-दीड वर्षाचे होते, पावले टाकायला लागते, आणि एके दिवशी तीच बोटे सांगतात की टाळू भरली.

टाळू तेलाने भरत नाही. चारी बाजूंची हाडे कडेकडेने वाढत येतात आणि ती बुजवतात. पण आजीच्या बोटांना जे ठाऊक असते ते मला वैद्यकीय महाविद्यालयात हाडे पाठ करतानासुद्धा कळलेले नव्हते. हाड भरते, वाढते, जुळते, झिजते आणि पुन्हा भरते. बाळाच्या कवटीची हाडे सुटी असतात म्हणून जन्माच्या वेळी ती किंचित एकमेकांवर सरकतात आणि डोके सुखरूप बाहेर येते. पुढेही काही काळ सुटी राहतात म्हणून झपाट्याने वाढणाऱ्या मेंदूला जागा मिळते.

या पुस्तकाची लेखिका माझी विद्यार्थिनी. आज ती एका तालुक्याच्या गावी हाडांची डॉक्टर आहे, आणि रोज तिच्यापुढे जी माणसे येऊन बसतात त्यांना समजेल अशा मराठीत तिने हे पुस्तक लिहिले आहे. तिने प्रस्तावना मागितली तेव्हा मी आनंदाने हो म्हटले. अनेक वर्षे पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगाडा शिकवला, त्यात जे सांगायचे राहून गेले ते सांगायला ही जागा मला मिळाली आहे.

आधी आकड्याबद्दल. शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलेला आकडा २०६. तो खोटा नाही, पण तो पूर्ण वाढ झालेल्या माणसाचा आहे. नवजात बाळात पावणेतीनशे ते तीनशे हाडे मोजता येतात, आणि कूर्चा कुठे संपली, हाड कुठे सुरू झाले हे मोजणारा कसे ठरवतो त्यावर तो आकडाही बदलतो. कण्याच्या तळाशी पाच वेगळे मणके असतात. ते पंचविशीपर्यंत सांधले जाऊन एक त्रिकोणी हाड होते. त्याखालचे बारके तुकडे जुळून माकडहाड. कमरेचे प्रत्येक हाड तीन तुकड्यांनी सुरू होते, ते तिन्ही खुब्याच्या वाटीत एकमेकांना भेटतात आणि वयात येण्याच्या वर्षांत एकजीव होतात. मनगटाची तऱ्हा वेगळी. नवजात बाळाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर हाताच्या आणि पंजाच्या हाडांमध्ये नुसती मोकळी जागा दिसते. तिथली आठही हाडे तेव्हा कूर्चेची असतात. पहिली दोन काही महिन्यांत उमटतात, मग साधारण वर्षाला एक या चालीने बाकीची, आणि वाटाण्याएवढे शेवटचे नऊ ते बारा वर्षांच्या दरम्यान. रांगणाऱ्या बाळाच्या गुडघ्याची वाटीसुद्धा एक्स-रेत दिसत नाही.

या उमटण्याजुळण्याला एक ठरलेला क्रम आहे, म्हणून हाडावरून वय वाचता येते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात, शाळेचा किंवा जन्माचा दाखला नसेल तर हाडांच्या तपासणीवरून वय ठरवण्याची तरतूद आहे. ज्या मुलाच्या जन्माची कुठे नोंदच झाली नाही, त्याच्या बाजूने न्यायालयात कधीकधी फक्त त्याचे मनगट आणि कोपर बोलते. त्या साक्षीत वर्ष-दोन वर्षांचा फरक पडू शकतो, आणि अठराच्या उंबरठ्यावरच्या मुलासाठी तेवढा फरक फार मोठा असतो. ही गोष्ट मी वर्गात कधीच गडबडीत सांगितली नाही.

मोजणीचा हा प्रश्न जुना आहे. चरकसंहितेत हाडे ३६० सांगितली आहेत, सुश्रुतसंहितेत ३००. सुश्रुताच्या ग्रंथात हा फरक लपवलेला नाही. वेद मानणारे ३६० म्हणतात, शल्यतंत्रात मात्र ३००, असे तिथे सरळ नोंदवले आहे आणि पुढे हिशेब दिला आहे: हातापायांत १२०, कंबर, पाठ, बरगड्या आणि छाती मिळून ११७, मानेपासून वर ६३. आजच्या आकड्याशी हे जुळत नाही म्हणून अनेकजण हसून पुढे जातात. मला ते कधी हसण्यासारखे वाटले नाही. चरकाच्या मोजणीत दात, दातांची खोबणी आणि नखे आहेत. सुश्रुताने हाडांचे जे पाच प्रकार केले त्यात ‘रुचक’ म्हणजे दात आणि ‘तरुण’ म्हणजे आपण ज्याला कूर्चा म्हणतो ते. कूर्चेला तरुण हाड म्हणणाऱ्या माणसाने काहीतरी नीट पाहिले होते, कारण बहुतेक हाडे खरोखरच आधी कूर्चा असतात. आणि त्याने पाहिले कसे तेही लिहून ठेवले आहे. प्रेत मुंज किंवा कुश गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून, आडबाजूच्या संथ पाण्यात सात रात्री ठेवायचे. मग वाळ्याच्या, केसांच्या किंवा वेळूच्या कुंचल्याने थरामागून थर हलकेच घासत जायचे आणि डोळ्यांनी बघायचे. प्रेताला शिवणेही जिथे अपवित्र, त्या समाजात हे लिहिणाऱ्याचे धैर्य मला सुरीने चिरणाऱ्यांपेक्षा कमी वाटत नाही.

युरोपात हे धैर्य आंद्रेआस वेसालियसने दाखवले. गेलन या ग्रीक वैद्याचा शब्द तेराशे वर्षे प्रमाण मानला गेला होता, पण गेलनने बरेचसे माकडांवर आणि इतर जनावरांवर पाहिले होते. १५४३ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, वेसालियसने आपला ग्रंथ बाझेलला छापला आणि त्यात साधी वाटणारी गोष्ट लिहिली: माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा नाही, एकाच हाडाचा आहे. त्याच वर्षी त्याने जोडलेला एक सांगाडा आजही बाझेलमध्ये जपलेला आहे.

माझा स्वतःचा सांगाड्याशी संबंध वसतिगृहात आला. वरच्या वर्गातल्या एका मुलीकडून मी अर्धा सांगाडा विकत घेतला. बोन सेट म्हणायचो आम्ही. एक कवटी, कणा, एका बाजूच्या बरगड्या, एक हात, एक पाय, सगळे एका कापडी पिशवीत. कोरडी, पिवळट, हलकी हाडे. त्यांच्यावरचा प्रत्येक उंचवटा, खाच, भोक आम्ही रात्र रात्र पाठ केले. त्या हाडांनी मला खूप शिकवले आणि एक गोष्ट चुकीची शिकवली. हाड म्हणजे कोरडे, पांढरे, झालेले-संपलेले काहीतरी, ही समजूत तिथे पक्की झाली. पुढे शस्त्रक्रिया पाहायला उभी राहिले तेव्हा पहिल्यांदा जिवंत हाड दिसले. ते गुलाबीसर होते. त्यावर पातळ चिवट पापुद्रा होता, तो सोलताना त्यातून रक्त येत होते, आणि ड्रिलखाली हाडातूनही रक्त झिरपत होते. हाड ओले असते, हे वाक्य मी त्या रात्री वहीत लिहिले.

हाड कशाचे बनते हे समजायला मला कोकणातल्या कुडाच्या भिंतीसारखे दुसरे चित्र सापडलेले नाही. कारवीच्या काड्या उभ्या-आडव्या विणायच्या आणि दोन्ही बाजूंनी शेणमातीने लिंपायच्या. हाडातल्या काड्या म्हणजे कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे तंतू. वजनाने सुमारे एक तृतीयांश भाग हा आणि थोडे पाणी. लिंपण म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेटचे बारीक स्फटिक. कोंबडीच्या तंगडीचे हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. लिंपण विरघळते, काड्या राहतात आणि हाड रबरासारखे वाकते. तेच हाड निखाऱ्यात ठेवा. काड्या जळतात, आकार जसाच्या तसा राहतो आणि बोटाने दाबला की त्याचा भुगा होतो.

वडील गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी मी राख सावडायला गेले होते. पाणी शिंपडून निववलेल्या राखेतून भाऊ आणि मी अस्थी वेचत होतो. मांडीच्या हाडाचे गोल डोके, मणक्याची एक चकती, कवटीचा वाळलेल्या पानासारखा तुकडा. मला प्रत्येकाचे नाव येत होते आणि त्या नावांची मला त्या क्षणी भीती वाटली. मग बोटांना त्या तुकड्यांचा ठिसूळपणा कळला. काड्या गेल्या होत्या, लिंपण उरले होते. जे उरते त्याला आपण अस्थी म्हणतो आणि नदीत सोडतो. चालते-बोलते असताना त्यांना ज्याने पेलून धरले त्यातला अर्धाअधिक गुण त्या तंतूंचा होता, तो धुरातून आधीच गेला होता. दरवर्षी वर्गात मी तो व्हिनेगरचा प्रयोग करून दाखवायचे. त्या वर्षी तो करताना थोडा वेळ थांबावे लागले.

कुडाची भिंत दरवर्षी नव्याने लिंपावी लागते, हाडाचेही तसेच. हाडात एका जातीच्या पेशी जुना भाग विरघळवत पुढे जातात आणि त्यांच्यामागून दुसऱ्या पेशी तिथे नवे हाड घालत येतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दर वर्षी असा बदलला जातो. हे काम नुसते डागडुजीचे नाही. शरीरात किलोभर कॅल्शियम असते, त्यातले ९९ टक्के हाडांत; उरलेल्या चिमूटभरावर हृदयाचा ठोका आणि स्नायूंची हालचाल चालते. रक्तातले प्रमाण जरा उतरले की गळ्यातल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी हाडांकडून कॅल्शियम मागवतात आणि हाड ते देते. दधीचीच्या हाडांचे वज्र झाले ही कथा आपण वीररसात सांगतो. देण्याचे हे दुसरे काम हाड रोज करत असते, कोणाला न कळता. शिवाय छातीचे हाड, बरगड्या, मणके, कंबर यांच्या पोटातल्या तांबड्या मज्जेत दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त तांबड्या पेशी तयार होत असतात. आपले रक्त हाडात जन्मते.

आणि हाड मोडले तर हाडानेच भरते. कातडी फाटली तर वण राहतो, हृदयाच्या स्नायूचा भाग मेला तर त्या जागी तंतूंचा वण येतो. हाडाच्या फटीत मात्र आधी रक्त साकळते, त्यावर कूर्चेचा मऊ जोड बसतो, काही आठवड्यांत तो कडक होतो आणि पुढची महिने-वर्षे हाड त्या जोडाला तासून पूर्वीच्या आकाराकडे नेत राहते. गावचे हाडवैद्य ज्या भरवशावर काम करायचे तो भरवसा हाच आहे. टोके नीट समोरासमोर बसली नाहीत तरी हाड वाकडे का होईना, पण जुळते. तो वाकडेपणा सरळ करायला मग माणूस लेखिकेकडे येतो. तिने हाडवैद्यांवर लिहिलेले प्रकरण मला म्हणूनच आवडले. ती त्यांना हिणवत नाही. कुठे त्यांचा हात खरा होता आणि कुठे घट्ट बांधलेल्या बांबूच्या पट्ट्यांनी मुलाचा हात काळा पडला, दोन्ही ती सांगते.

हाड भाराला उत्तर देते, ही गोष्ट शरीरशास्त्रज्ञाच्या बरोबरीने एका पुलांच्या अभियंत्यालाही दिसली. १८६६ च्या सुमारास झुरिकमध्ये हेरमान फॉन मायर यांनी मांडीच्या हाडाचे वरचे टोक उभे कापून दाखवले. आत हाडाच्या बारीक पट्ट्यांची जाळी होती. कार्ल कुलमान यांनी ती पाहिली आणि यारीच्या वाकलेल्या खांबात ताण आणि दाब ज्या रेषांनी वाहतात त्याच रेषा त्यांना तिथे दिसल्या. बर्लिनच्या युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये त्याचा नियम मांडला: भार जसा बदलेल तसे हाड आपली आतली घडण बदलते. म्हणून टेनिस खेळणाऱ्याच्या खेळत्या हाताचे हाड दुसऱ्यापेक्षा जाड असते, आणि भारच नसलेल्या अंतराळात राहणाऱ्यांच्या खुब्याचे हाड दर महिन्याला एक टक्क्याहून जास्त विरळ होत जाते.

यातले मला सर्वांत जवळचे उदाहरण आपल्या बसण्याचे आहे. सतत उकिडवे बसणाऱ्या माणसाच्या नडगीच्या खालच्या टोकाला, समोरच्या कडेवर, एक छोटा गुळगुळीत ठसा उमटतो. घोट्याचे हाड तिथे येऊन टेकते. लाहोरला शिकवणाऱ्या हॅवलॉक चार्ल्स या डॉक्टरने १८९३ मध्ये पंजाबातल्या लोकांच्या पायांच्या हाडांवर लिहिताना याची नीट नोंद केली. मी ते वाचले आणि माझा बोन सेट काढला. नडगीच्या कडेला ठसा होता. वर्षानुवर्षे त्यावरून बोट फिरले होते, कारण पुस्तकातल्या चित्रात तो नव्हता म्हणून मी त्याला दोष समजत होते. ते माणूस आयुष्यभर उकिडवे बसले होते. चुलीपुढे असेल, भाताच्या खाचरात असेल, विडी वळताना असेल. हात त्या पायाचाच होता की नाही ठाऊक नाही, पण हाताच्या हाडात मनगटाजवळ एक भरलेला जोडही होता. कधीतरी पडणे झाले होते, हात मोडला होता, बरा झाला होता, आणि त्या हाताने पुढे बरीच वर्षे काम केले होते.

ते कोण होते हे मला कधीच कळणार नाही. कोलकाता हे एके काळी मानवी सांगाड्यांच्या व्यापाराचे जगातले मोठे केंद्र होते. १९८५ मध्ये भारताने निर्यातीवर बंदी घातली, तोपर्यंत युरोप-अमेरिकेतल्या वर्गांत टांगलेले किती तरी सांगाडे आपल्याकडच्या गरीब, बेवारस माणसांचे होते. त्यांची संमती कोणी घेतली नाही. आज देहदान करणारे लोक स्वतः सही करून येतात आणि त्यांच्यापुढे विद्यार्थी शपथ घेतात, हे पाहून बरे वाटते. पण आमची पिढी ज्यांच्यावर शिकली त्यांचे ऋण कुठे फेडायचे, याचे उत्तर मला सापडलेले नाही.

हाडे वाचण्याचे काम आपल्याकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने फार मोलाचे केले आहे. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगावला १९६८ पासून बारा हंगाम उत्खनन झाले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची ती वस्ती. घराच्या जमिनीखाली दफने असत, त्यातली बहुतेक लहान मुलांची: दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले आणि त्यांच्या आत बाळ. मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडलेले, बहुधा मेलेल्याने घर सोडून जाऊ नये म्हणून. वस्तीच्या अखेरच्या काळातल्या मुलांच्या हाडांत वाढ खुंटल्याच्या खुणा अभ्यासकांनी वाचल्या आहेत. तिथे लिपी नव्हती, कुणी काही लिहून ठेवले नाही. दिवस वाईट आले होते हे मुलांच्या मांडीच्या हाडांनी सांगितले.

लेखिकेच्या दवाखान्यात येणारी हाडेही असेच काही सांगतात, आणि पुस्तकाचा अर्धा भाग त्यांनी व्यापला आहे. साठी ओलांडलेली बाई मोरीत घसरते, खुब्याशी हाड मोडते. त्या जागी मांडीच्या हाडाच्या डोक्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या खालून वर जातात. डोक्याखालची ही मान मोडली की त्या तुटतात, म्हणून तिथला जोड सहज भरत नाही. तिशीपर्यंत हाडांत जेवढे साठवले तेवढ्यावर पुढचे आयुष्य काढायचे असते, आणि पाळी थांबल्यावर तो साठा झपाट्याने उतरतो. जी मुलगी घरात सगळ्यांच्या मागून, उरलेले जेवली, तिच्या साठाव्या वर्षीच्या खुब्याचा निकाल तेव्हाच अर्धा लागलेला असतो. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांत काही गावांच्या विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. ते वर्षानुवर्षे पोटात गेले की हाड एक्स-रेत दाट, पांढरेशुभ्र दिसते आणि असते ठिसूळ. मणक्यांमधले स्नायुबंध कडक होतात, पाठ वाकेनाशी होते. भारतात याची पहिली नोंद १९३७ मध्ये नेल्लोर भागातून झाली. जितके खोल बोअर तितके पाणी चांगले, या विश्वासाने खणलेल्या बोअरने काही गावांत माणसांचे कणे आखडवले. हे प्रकरण वाचताना मला राग आला, आणि तो यावा असेच ते लिहिले आहे.

भाषेबद्दल एकच सांगते. लेखिकेने नडगी, खुबा, फरा, वाटी, घोटा, माकडहाड हे शब्द वापरले आहेत, कारण रुग्ण तेच वापरतात. संस्कृत पारिभाषिक शब्द तिने टाळले, आणि जिथे मराठी शब्द नाही तिथे इंग्रजी शब्द देवनागरीत ठेवला. कानातले सर्वांत लहान, जेमतेम तीन मिलिमीटरचे हाड घोड्याच्या रिकिबीसारखे दिसते. तिने त्याला रिकीब म्हटले आहे. मी आयुष्यभर ‘स्टेपीस’ शिकवले. वाचताना मात्र रिकीबच डोळ्यांपुढे उभी राहिली.

एका गोष्टीवरून आमचा वाद झाला. सांगाडा शिकवायचा तो कवटीपासून किंवा कण्यापासून, अशी माझी सवय. तिने पुस्तक सुरू केले गळ्याखालच्या आडव्या हाडापासून, ज्याला आता सगळे कॉलर बोन म्हणतात आणि जुन्या बायका हासळी म्हणतात. मी क्रम बदलायला सांगितला. तिने फोनवर कारणे सांगितली. आईच्या पोटात पाचव्या-सहाव्या आठवड्यात हाड व्हायला सर्वांत आधी सुरुवात करते ते हे, आणि पंचविशीत, सगळी हाडे पुरी झाल्यावर, सर्वांत शेवटी पुरे होते तेही हेच. आंब्यावरून, सायकलवरून पडलेली मुले खांदा धरून तिच्याकडे येतात ती बहुतेक याच हाडासाठी. आणि ते शोधायला काही लागत नाही. वाचकाने गळ्याच्या खळग्यात बोट ठेवावे, तिथून बाजूला खांद्याकडे सरकावे, की कातडीखाली ते लागते: आधी पुढे फुगलेले, मग मागे वळलेले, टोकापर्यंत. बोट तिथे असू द्या. पहिले प्रकरण तिथूनच सुरू होते.